घरातली वीज आणि अंगातली वीज



आपल्या वयाच्या माणसांच्या कुठल्याही घरात जा, फ्रिजवर किंवा कपाटाच्या वरच्या खणात एक डबा असतोच. त्यात ताप बघायचा थर्मामीटर, ब्लडप्रेशरचे मशीन आणि साखर बघायचे यंत्र. वजनकाटा पलंगाखाली. रोज सकाळी मापे घ्यायची आणि मग बहिणीला फोन, "अगो, आज माझी साखर एकशे चाळीस आली!" पण यातली बरीचशी यंत्रे खरे म्हणजे वीज मोजतात, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

डिजिटल थर्मामीटरच्या टोकात एक बारीक मणी बसवलेला असतो. अंग तापले की त्या मण्यातून वीज जास्त सहज जाते आणि यंत्र त्यावरून ताप किती ते सांगते. वजनकाट्यात धातूची पट्टी असते. आपण वर उभे राहिलो की ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेली नाजूक जाळी ताणली जाते आणि तिचा विजेला होणारा अडथळा बदलतो. साखरेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की तिथल्या रसायनामुळे अगदी थोडी वीज वाहू लागते. साखर जास्त तर वीज जास्त. पूर्वीची यंत्रे पट्टीचा रंग बघून साखर सांगत, आजची बहुतेक ही वीजच मोजतात. म्हणजे पर्समध्ये साखरेचे यंत्र ठेवणारी बाई वीज मोजायचे एक फार नाजूक यंत्र घेऊन फिरते.

आम्ही जन्मभर नर्सिंग केले, इलेक्ट्रिकचे काम केले नाही. तरी हा लेख लिहायला कारण आहे. लोद, रामले, बेर शेवा, दिमोना, अश्दोद, जिथे जिथे आपले लोक उतरले तिथले शिकून आता पन्नास-साठ वर्षांचे झाले. त्यांच्याबरोबर आम्हीही म्हातारे झालो. म्हाताऱ्या माणसाची आपण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी करतो. घराच्या भिंतीतल्या वायरची कोण करतो? ती बाहेरून दिसत नाही. तिची नाडी बघायला यंत्रच लागते, आणि ते यंत्र काय सांगते ते थोडे तरी समजले पाहिजे.

तीन शब्द आधी घेऊ. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम. शाळेत हे पाठ केले होते, समजले मात्र वॉर्डात. सलाईनची बाटली आठवा. बाटली जितकी उंच टांगाल तितका दाब जास्त, हा व्होल्ट. मिनिटाला किती थेंब जातात तो प्रवाह, हा अँपिअर. सुई बारीक असेल, नळीला पीळ पडला असेल तर अडथळा, हा ओहम. दाबाला अडथळ्याने भागले की प्रवाह मिळतो. जर्मनीच्या ओहम नावाच्या शिक्षकाने हे १८२७ साली छापले. १८८१ मध्ये पॅरिसला विजेच्या जाणकारांची परिषद भरली, तिथे ही तिन्ही नावे मापांसाठी स्वीकारली गेली. तिन्ही माणसांचीच नावे आहेत. व्होल्टा इटलीचा, अँपिअर फ्रान्सचा, ओहम जर्मनीचा.

(विजेला इथे हश्मल म्हणतात, तो शब्द यहेज्केल नबीच्या पुस्तकातला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या यहुदा लेब गॉर्डन या हिब्रू कवीने तो विजेसाठी घेतला. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याच जागी 'इलेक्ट्रॉन' हा शब्द आहे, आणि इलेक्ट्रिक त्यावरूनच आले. तेव्हा दोन्ही शब्द भाऊभाऊच.)

आता वीज तर डोळ्यांनी दिसत नाही. मग मोजायची कशी? १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसले की तारेतून वीज सोडली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. वीज वाहते तिथे तारेभोवती लोहचुंबकासारखा जोर तयार होतो. सगळ्या मीटरांचे मूळ हे. तारेचे वेटोळे करा, सुई ठेवा, सुई किती सरकली ते बघा, झाला गॅल्व्हानोमीटर. गॅल्व्हानी म्हणजे ज्याने मेलेल्या बेडकाचा पाय विजेने उडतो हे दाखवले तो इटलीचा डॉक्टर. म्हणजे वीज मोजण्याच्या यंत्राला नाव मिळाले तेही शरीराच्या विजेवरून.

आमच्या कामातले सर्वांत महत्त्वाचे वीजमापक यंत्र म्हणजे ई.सी.जी. हृदय दर ठोक्याला थोडी वीज सोडते. अंगावर ती पोचते तेव्हा जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग उरते. भिंतीच्या प्लगात २३० व्होल्ट. हृदयाची वीज त्याच्यापुढे सव्वादोन लाख पटींनी लहान! ती मोजायची तर साधी सुई हलणारच नाही. लंडनला वॉलर या डॉक्टरने १८८७ मध्ये पाऱ्याच्या बारीक नळीचे यंत्र वापरून माणसाच्या हृदयाची वीज पहिल्यांदा टिपली. त्याचा जिमी नावाचा कुत्रा होता. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून तो निमूट उभा राहायचा आणि वॉलर लोकांना प्रयोग दाखवायचा. पुढे पार्लमेंटात प्रश्न आला की हा मुक्या जनावराचा छळ नाही काय.

पण खरे काम केले हॉलंडच्या आइंटहोवेनने. चांदीचा मुलामा दिलेला काचेसारखा अगदी बारीक धागा त्याने मोठ्या लोहचुंबकाच्या मध्ये ताणून बसवला. हृदयाची वीज त्या धाग्यातून गेली की धागा थरथरतो, त्याची सावली फिरत्या फोटोच्या पट्टीवर पडते. हे १९०१ च्या सुमाराचे. यंत्र दोन खोल्या भरतील एवढे, वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे. रोगी हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत घालून बसायचा. एवढे यंत्र इस्पितळात नेणार कसे? म्हणून त्याने १९०५ मध्ये इस्पितळापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर तार घेतली. रोगी तिकडे, मशीन इकडे. १९२४ मध्ये त्याला नोबेल मिळाले. आज आपल्या कुपात होलीमच्या क्लिनिकमध्ये हेच काम पाटीएवढे मशीन करते.

ई.सी.जी.च्या पट्टीवर सुरुवातीला किंवा शेवटी एक चौकोनी उंचवटा असतो, तो पुढच्या वेळी जरूर बघा. तो हृदयाचा नव्हे. मशीन स्वतःच एक मिलिव्होल्ट देऊन दाखवते की माझ्या हिशेबाने एवढ्याची उंची एवढी. ती दहा मिलिमीटर असायला हवी. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२ सेकंदाचा. नवीन नर्सला आम्ही आधी हा उंचवटा बघायला शिकवायचो, हृदय नंतर. मशीनचे माप चुकीचे लावले असेल तर धडधाकट माणूस आजारी दिसेल आणि आजारी माणूस घरी जाईल.

दुसरे म्हणजे रेषा कधी कधी जाड, दातेरी येते. रोगी घाबरतो. बहुतेक वेळा तो भिंतीतल्या विजेचा आवाज असतो. ती वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते आणि आपले अंग अँटेनासारखे ती पकडते. छातीवरची पट्टी सैल झाली, कातडी तेलकट असली की हा त्रास वाढतो. पुसून, घासून, पुन्हा चिकटवली की रेषा साफ. तिथेही गोष्ट अडथळ्याचीच, ओहमची.

मशीन दुरुस्त करायला आमच्याकडे एक रुमानियाचे तंत्रज्ञ यायचे. त्यांच्या हातात पट्ट्याने लटकवलेला काळा, जड डबा, वर पंख्यासारखी तबकडी आणि सुई. हा अ‍ॅव्होमीटर. १९२३ मध्ये इंग्लंडच्या पोस्टखात्यातल्या मकॅडी नावाच्या इंजिनिअरच्या कल्पनेतून निघाला. एक यंत्र बरोबर नेले की अँपिअर, व्होल्ट, ओहम तिन्ही मोजता यावेत, त्या तिन्हींच्या पहिल्या अक्षरांवरून नाव अ‍ॅव्हो. त्याचा एक नमुना २००८ पर्यंत बनत होता. आता दुकानात जो पिवळा, आकडे दाखवणारा मल्टिमीटर मिळतो तो त्याचाच नातू.

एकच सुई तीन गोष्टी कशा मोजते हे त्या गृहस्थांनी चहा पिता पिता आम्हांला समजावले होते. व्होल्ट मोजताना मीटर बाहेरून, दोन टोकांना लावायचा, जसा ब्लडप्रेशरचा पट्टा दंडावर बाहेरून बांधतो. रक्त थांबवून शीर कापायची गरज नाही. म्हणून व्होल्टमीटरला आतून खूप मोठा अडथळा दिलेला असतो, तो स्वतः फार थोडी वीज खातो. अँपिअर मोजायचे तर मात्र तार तोडून मीटर मध्ये बसवावा लागतो, जसे सलाईनच्या नळीत थेंब मोजायचे भांडे मध्येच असते. म्हणून अँपिअरमीटरचा अडथळा जवळजवळ शून्य. आता कुणी मीटरची कळ आणि वायर अँपिअरवर ठेवून टोके प्लगात खुपसली तर काय होईल? अडथळा शून्य, प्रवाह बेसुमार, धडाका! घरात मल्टिमीटर आणणाऱ्या नातवांना ही गोष्ट पहिली सांगा. आणि ओहम मोजताना मीटर स्वतःच्या बॅटरीची वीज सोडतो, म्हणून मोजायची वस्तू आधी प्लगातून काढलेली हवी.

तार न तोडता अँपिअर मोजायचा चिमटा मीटरही असतो. खेकड्याच्या नांगीसारखा तो वायरीभोवती मिटायचा, आतली वीज तारेभोवती जो चुंबकाचा जोर करते तो मोजला जातो. ओर्स्टेडचेच तत्त्व, दोनशे वर्षे जुने. मात्र चिमटा एकाच वायरीभोवती धरावा लागतो. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी एकदम धरल्या तर मीटर शून्य दाखवतो, कारण जाते तेवढेच परत येते आणि दोघांचा जोर एकमेकांना खाऊन टाकतो.

हे शून्य लक्षात ठेवा. याच्यावर माणसाचा जीव वाचवणारे एक यंत्र चालते. ते आपल्या घरातल्या विजेच्या पेटीत असते, निदान असायला हवे. इथे सगळे त्याला पखत म्हणतात.

त्याआधी थोडा हिशेब. माणसाला विजेचा धक्का बसतो तेव्हा अंगातून किती मिलिअँपिअर गेले ते पाहायचे असते. एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे श्वास अडकू लागतो. शंभरच्या आसपास हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. मॉनिटरवर ती वेडीवाकडी रेषा ज्याने पाहिली तो विसरत नाही.

आता ओहमचा नियम लावा. कोरड्या कातडीचा अडथळा एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. २३० ला लाखाने भागले तर दोन-सव्वादोन मिलिअँपिअर. झटका लागला, ओरडलो, संपले. पण हात ओले, पाय अनवाणी, फरशी नुकतीच स्पोंजाने पुसलेली, अशा वेळी अडथळा हजार ओहमवर येतो. भागाकार करा, २३० मिलिअँपिअर! घर तेच, वीज तीच, माणूस तोच. लहानपणी मुंबईत धक्का बसला आणि काही झाले नाही, म्हणून आपल्याला वीज मानवते असे समजणारे काका आमच्या ओळखीत आहेत. त्यांना एवढेच सांगणे की त्या दिवशी हात कोरडे होते.

पेटीत जे लहान लहान स्विच असतात, पूर्वीच्या फ्यूजच्या जागी आलेले, त्यांच्यावर १० किंवा १६ असा आकडा असतो. लोकांना वाटते हे आपले रक्षण करतात. ते रक्षण करतात भिंतीतल्या वायरीचे, ती जळू नये म्हणून. १६ अँपिअर म्हणजे १६ हजार मिलिअँपिअर. माणूस शंभर मिलिअँपिअरने जातो आणि त्या स्विचला पत्ताही लागत नाही.

पखत वेगळाच हिशेब ठेवतो. त्याच्या पोटात एक कडे असते आणि जाणारी-येणारी दोन्ही वायरी त्या कड्यातून जातात. सगळे ठीक असेल तर शून्य. पण थोडी वीज परतीच्या वायरीने न येता कुणाच्या अंगातून किंवा मशीनच्या पत्र्यातून जमिनीत गेली तर शून्य राहात नाही. फरक ३० मिलिअँपिअर झाला की सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत तो पूर्ण घराची वीज तोडतो. जमाखर्चात तीस पैसे कमी पडले म्हणून दुकान बंद करणारा मुनीमजी म्हणा ना!

जुन्या शिकूनमध्ये हा पुष्कळदा बसवलेलाच नसतो. पेटी उघडून बघा. ज्याच्यावर लहान बटण असून त्यावर टी अक्षर आहे तो पखत. ते बटण दाबले की यंत्र स्वतःच खोटी गळती करून बघते आणि खटकन पडते. मग हातानेच वर करायचे. आम्ही महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबतो, घड्याळे परत लावायचा कंटाळा आला तरी. दाबून पडला नाही तर तो मेलेला आहे, त्याच दिवशी हश्मलाईला बोलवा.

मात्र पखतलाही न कळणारी एक गोष्ट आहे. एका हातात एक वायर आणि दुसऱ्या हातात दुसरी धरली, आणि पाय जमिनीपासून वेगळे असले, तर जाते तेवढे परत येते आणि तो समजतो की माणूस म्हणजे एक बल्ब. तेव्हा पखत आहे म्हणून उघड्या वायरीला हात लावू नये.

दुसरी गोष्ट अर्थची. पिवळी-हिरवी वायर जमिनीला जोडलेली असते. मुंबईत आपल्याला लाल, काळी आणि हिरवी ठाऊक होती. इथे तपकिरी, निळी आणि पिवळी-हिरवी. (जुन्या घरात कुणी कुठला रंग वापरला ते देवाला माहीत, रंगावर जाऊ नये.) धुण्याच्या मशीनमध्ये वायर सुटून पत्र्याला लागली असे समजा. अर्थचा रस्ता एक ओहमचा असेल तर २३० अँपिअर धावतील आणि १६ चा स्विच तत्काळ पडेल. तोच रस्ता गंजून पन्नास ओहमचा झाला असेल तर? २३० भागिले पन्नास, साडेचार अँपिअर. १६ चा स्विच शांत बसतो, मशीनही चालते आणि पत्रा जिवंत. पखत असेल तर तो पडतो. नसेल तर ओल्या हाताने कपडे काढायला जाणारी बाई पहिली. वॉर्डात अशी बाई आलेली आम्ही पाहिली आहे. सुदैवाने तिला सून बाजूला होती, तिने मेन स्विच बंद केला.

अर्थ बिघडायचे या देशातले एक खास कारण आहे. जुन्या इमारतींत अर्थसाठी पाण्याच्या लोखंडी पाइपांचा उपयोग केलेला असायचा. मग पाइप गंजले, लोकांनी बदलून प्लास्टिकचे टाकले. पाणी छान येते. पण प्लास्टिकमधून वीज जात नाही, अर्थ तिथेच तुटला आणि कुणालाच कळले नाही. तुमच्या इमारतीत पाइप बदलले असतील तर परवानाधारक हश्मलाईला सांगून अर्थ मोजून घ्या. त्याच्याकडे त्याचे मीटर असते, तो आकडा ओहममध्ये देतो. कागदावर लिहून मागा. 'बेसेदेर' म्हणजे काही माप नव्हे.

घरोघरी असतो तो पेचकसासारखा दिवा लागणारा टेस्टर. त्यात मोठा अडथळा घालून, आपल्याच बोटातून अगदी थोडी वीज नेऊन दिवा लावतात. दिवा लागला तर वीज आहे. नाही लागला तर वीज नाही असे मात्र नव्हे. दिवा गेला असेल, उन्हात दिसत नसेल, जाड रबराच्या चपला असतील. जाणता माणूस आधी चालू प्लगात बघतो, मग संशयाच्या जागी, मग पुन्हा चालू प्लगात. आणि टेस्टर अर्थबद्दल काही सांगत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पखत पडतो तेव्हा घरात रडारड होते. पाहुणे येणार, प्लातावर जेवण, दूदमध्ये पाणी तापत ठेवलेले. अशा वेळी कुणी शेजारी मदतीला येऊन पखत काढून वायरी सरळ जोडून देतो असे आम्ही ऐकले आहे. त्याला दारातूनच परत पाठवा. घरातले सगळे प्लग काढा, दूदचा स्विच बंद करा, पखत वर करा. मग एकेक वस्तू लावत जा. जिच्यावर पडला ती चोर. बहुतेक वेळा जुनी प्लाता, कुमकुम, नाही तर दूदमधली तापणारी कांडी निघते. ती एकटी बाजूला ठेवली की शब्बाथ पार पडतो.

कुणाला वीज धरून ठेवत असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद. तो लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणूस वायरीपासून वेगळा करा. मग १०१ ला फोन, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात. रस्त्यावरची तार तुटली असेल तर जवळ जाऊ नका, १०३ ला कळवा. आणि माणूस उठून बसला, "मला काही झाले नाही, चहा द्या" म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन ई.सी.जी. काढा, विशेषतः वीज एका हातातून दुसऱ्या हातात गेली असेल, माणूस क्षणभर बेशुद्ध झाला असेल किंवा पेसमेकर असेल तर. पट्टी घरी आणून जपून ठेवा. पुढच्या वेळी छातीत दुखले की डॉक्टर पहिली मागतो ती जुनी पट्टीच.